विलंब 'माफी': यात माफी कशाची?

विचारणा, गुहागर

काकांच्या आंबा-काजूच्या बागेचा वाटपाचा दावा जूनमध्ये विरुद्ध गेला. परवा, 24 जुलैला, अपिलासाठी वकिलांकडे गेलो तर ते म्हणाले, "अपील मुदतीत नाही, विलंब माफीचा अर्ज जोडायला हवा." काका उसळलेच. "माफी मागायला मी काय चोरी केली? वकीलपत्र भावाच्या सहीला मुंबईला गेलं, ते आठवड्याने परत आलं. यात माझा गुन्हा कोणता?"

मलाही वाटलं, शब्द चुकतोय का? आणि 'मुदतबाह्य' बरोबर की 'कालबाह्य'? वकिलांच्या टंकलेखकाने दोन्ही वापरलेत, तेही एकाच पानावर.

रत्नागिरी, वकिली करणारी

काकांचा राग समजतो, पण मराठीत 'माफ' फक्त गुन्हाच होतो असं नाही. सारा माफ होतो, फी माफ होते, कर्ज माफ होतं. तिथे कुणी गुन्हेगार नसतो. देणं असतं आणि ते सोडून दिलं जातं. विलंब माफीतली माफी ही या जातीची. उशिराचे दिवस हे देणं, कोर्ट ते सोडतं. म्हणूनच सरकारी मराठीतलं 'विलंब क्षमापित करणे' मला पटत नाही. क्षमा अपराधाचीच होते, फीची क्षमा कुणी मागितलेली ऐकली आहे का?

गंमत म्हणजे मुदत अधिनियम, 1963 च्या कलम 5 मध्ये माफीही नाही आणि क्षमाही नाही. तिथे एवढंच आहे की मुदतीत अपील न करण्याला 'पुरेसं कारण' होतं अशी कोर्टाची खात्री झाली, तर मुदतीनंतरही अपील दाखल करून घेता येतं. माफी हा शब्द वकिलांनी आणि कोर्टांनी रुळवला. तेव्हा अर्जात वजन कारणाला. ते 'सबळ' असावं असंही लोक लिहितात, पण कायदा 'पुरेसं' म्हणतो. सबळ म्हटलं की आपणच आपली पट्टी उंच लावतो.

हे कलम अपिलांना आणि अर्जांना आहे, मूळ दाव्याला नाही. दाव्याची मुदत गेली की या वाटेने तो वाचत नाही.

चिपळूण, कोर्टातून निवृत्त

वरच्या ताईंशी सहमत, पण व्यवहारात 'माफी' शब्दाने घोळ होतोच. टेबलावर असे अर्ज आलेले पाहिलेत की पानभर 'चूक झाली, मी अडाणी आहे, मोठ्या मनाने माफ करावे' आणि उशीर का झाला यावर एक ओळ नाही. माफी मागायची म्हटल्यावर माणूस हात जोडतो, तारखा देत नाही. त्या शब्दाने किती जणांचं नुकसान केलं असेल, देव जाणे.

उलट गंमत 'सबब' या शब्दाची. मूळ अरबी, अर्थ कारण. बोलीत तो घसरून 'खोटं निमित्त' झाला: "सबबी सांगू नकोस." आणि अर्जाच्या शेवटी तोच 'म्हणून' या अर्थाने ताठ उभा: 'सबब, विलंब माफ व्हावा ही विनंती.' वर पुरेसं कारण नसलं की शेवटची सबब बोलीतली होते.

कोर्ट प्रत्येक वेळी दिवसागणिक हिशेब मागतं असंही नाही. 1987 मध्ये अनंतनागच्या भूसंपादन प्रकरणात सरकारचं अपील चार दिवस उशिरा होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते माफ केलं आणि दर दिवसाचा खुलासा हवा हे तत्त्व आंधळेपणाने लावू नका असं सांगितलं. पण 2012 मध्ये टपाल खात्याचा 427 दिवसांचा उशीर त्याच न्यायालयाने माफ केला नाही. फाईल टेबलावरून टेबलावर फिरत होती, हे कारण धरलं नाही.

सावंतवाडी

छोटी भर. बँकेत 'मुदत भरली' म्हणजे ठेव पिकली, आनंदाची बातमी. अपिलाची मुदत मात्र कुणी 'भरली' म्हणत नाही, ती 'गेली' किंवा 'टळली'. हिंदीत 'मुद्दत' म्हणजे दीर्घ काळ, मराठीत मुदत म्हणजे आखून दिलेला काळ. मूळ एकच, पण आपल्याकडे आल्यावर तिला कुंपण पडलं.

मुदतबाह्य-कालबाह्य: गोळ्या आणि अपील मुदतबाह्य, रूढी कालबाह्य. टंकलेखकाला सांगा.

रत्नागिरी, वकिली करणारी

मूळ प्रश्न राहूनच गेला, उशीर नक्की किती? निकालाची आणि नकलेची तारीख कळवा. 'नक्कल' म्हणजे इथे प्रमाणित प्रत, हुबेहूब आवाज काढणं नव्हे. जिल्हा न्यायालयातल्या अपिलाला 30 दिवस आणि उच्च न्यायालयातल्या दुसऱ्या अपिलाला 90. (18 ऑगस्ट 2025 पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गकरांनी त्यासाठी मुंबईऐवजी कोल्हापूरच्या सर्किट बेंचला जायचं. घाट चढायचा, पण लोकलची गर्दी वाचली.) निकालाचा दिवस धरायचा नाही, आणि नकलेत गेलेले दिवसही कलम 12 प्रमाणे वगळायचे. शेवटच्या दिवशी गणपतीची सुट्टी आली तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल केलेलं चालतं. दुसऱ्या दिवशी नाही!

विचारणा, गुहागर

निकाल 3 जून. नकलेचा अर्ज 10 जूनला, नक्कल तयार 24 जूनला.

रत्नागिरी, वकिली करणारी

मग 30 दिवस 3 जुलैला संपतात. 10 ते 24 जून हे 15 दिवस त्यात मिळवले की 18 जुलै. म्हणजे उशीर 21 दिवसांचा नाही, तुम्ही वकिलांकडे गेलात त्या दिवशी सहाच दिवसांचा होता. मात्र अपील प्रत्यक्ष दाखल होईपर्यंत रोज एक वाढतोय. चर्चा नंतर करू, आधी अर्ज. वकीलपत्र पाठवल्याच्या आणि परत आल्याच्या पोस्टाच्या पावत्या जोडा.

विचारणा, गुहागर

पावत्या सापडल्या, पंचांगात ठेवल्या होत्या. काकांना सारा आणि फीचं समजावलं. म्हणाले, "सारामाफीतली माफी असेल तर सही करतो. पण वर 'क्षमस्व' दिसलं तर कागद फाडीन."