१२७ खासगी नाही, आणि १७२ सगळाच खासगी नाही

आयपी पत्त्यांबद्दल (नेटवर्कवर मशीनला मिळणारा आकड्यांचा पत्ता) एकाने विचारलंय की पहिला बिट ० असेल तर क्लास ए, म्हणजे पत्त्यांचा पहिला गट, पहिल्या आकड्यात १२७ पर्यंत जायला हवा, मग तो १२६ लाच का थांबतो. त्यावर '१२७ खासगी आहे' असं उत्तर आलंय, ते बरोबर नाही. १२७ लूपबॅकसाठी, म्हणजे मशीनला स्वतःशीच बोलायला, राखीव आहे, त्याचं पॅकेट मशीनच्या बाहेर पडतच नाही. लिनक्सवर केबल काढून १२७.४५.६.७ ला पिंग करून (उत्तर येतं का ते तपासणारी कमांड) बघा, तरी उत्तर येतं. एवढ्या कामासाठी १ कोटी ६७ लाखांहून जास्त पत्ते अडकवले, हे मला आजही खटकतं.

खासगी पत्ते, म्हणजे फक्त आतल्या नेटवर्कमध्ये वापरायचे, ते वेगळे. १९९६ च्या आरएफसी १९१८ मध्ये (इंटरनेटचे नियम सांगणारा दस्तऐवज) ते दिलेत: १० चं अख्खं नेटवर्क, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८. घोळ होतो तो मधल्यात. हिंजवडीतल्या एका ऑफिसात आतल्या मशीन्सना १७२.३२ चे पत्ते दिलेले पाहिलेत. रोजचं काम सुरळीत चालतं, पण त्याच रेंजमधली बाहेरची एखादी साइट उघडायला गेलं की ती उघडतच नाही, कारण राउटर तो पत्ता आतलाच समजतो. अशी तक्रार शोधताना दिवस जातो. म्हणून १६ ते ३१ हे आकडे पाठच करा.

पहिला आकडा २२४ ते २३९ म्हणजे क्लास डी, मल्टिकास्टचा, म्हणजे एकच पॅकेट एका वेळी अनेकांना पाठवायचा. २४० पासून पुढे क्लास ई, राखीव. १९९३ मध्ये सीआयडीआर (ठरीव क्लासऐवजी हव्या त्या आकाराचे गट करून पत्ते वाटायची पद्धत) आल्यावर क्लास मागे पडले, पण हे राखीव पट्टे तसेच आहेत, त्यामुळे तोंडी परीक्षेत विचारतातच.