जळगावात शुमानचा पियानो कॉन्चेर्तो: वादक किती, पियानो कधी आणायचा?

तापीकाठ: मार्चअखेर नाट्यगृहात संगीतकार शुमानचा ए मायनर कॉन्चेर्तो (एकल पियानो आणि वाद्यवृंदाची रचना) ठेवायचं चाललंय. वादक आणि भाड्याचा पियानो मुंबईहून. उत्तरार्धात ब्राम्सची पहिली सिंफनी जमेल का? पियानो आदल्या रात्री उतरवला तर चालेल?

धुळेकर: ब्राम्स सोडा भो. चार हॉर्न, तीन ट्रॉम्बोन, वर कॉन्ट्राबासून, एवढे जास्तीचे फुंकवादक लागतात. ट्रॉम्बोनवाले तर ब्राम्समध्येही चौथ्या भागापर्यंत गप्प बसतात, मानधन मात्र पूर्ण. मेंडेल्सोनची ‘इटालियन’ सिंफनी घ्या, सुरुवातीला त्याचंच ‘हेब्रिडीज’ ओव्हर्चर. शुमानसकट तिन्हींना ताफा एकच: बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बासून, हॉर्न, ट्रम्पेट प्रत्येकी दोन, टिंपनी (मोठे नगारे) आणि तंतुवाद्यं. व्हायोलिन ८ व ६, व्हिओला ५, चेलो ४, डबल बास २ धरले की ३८ जण. मध्यंतर सोडून साधारण ७० मिनिटं.

भुसावळ जंक्शन: आदल्या रात्री म्हणजे उशीरच. मुंबईच्या दमट हवेतला पियानो आपल्या कोरड्या मार्चात आला की साउंडबोर्ड (तारांचा आवाज वाढवणारी लाकडी फळी) आकसतो आणि स्वर उतरतो. त्यात तुम्ही पाण्याचे कुलर लावणार. ओल्या हवेने तोच बोर्ड फुगतो, स्वर चढतो, आणि मधली सप्तकं सगळ्यात जास्त सरकतात. म्हणून निदान दोन दिवस आधी आणा. कुलरचा झोत त्यावर नको, आणि कुलर चालू ठेवायचे की बंद ते एकदाच ठरवा. पहिलं ट्यूनिंग आदल्या दिवशी, दुसरं रंगीत तालमीनंतर, दिवे लावून. जुळवणीचा ‘ए’ स्वर ४४० हर्ट्झ की ४४२ हे ट्यूनरला आणि ओबोवाल्याला आधीच कळवा. मंचावर ओबोने ए पियानोवरूनच घ्यायचा. नऊ फुटी ग्रँड जवळपास अर्ध्या टनाचा असतो, पाय काढून, लांब सरळ कडेवर उभा करून न्यावा लागतो. मागच्या दाराला पायऱ्या असतील तर हमालांना आधीच सांगा.

तापीकाठ: आणि डिजिटल वापरला तर?

भुसावळ जंक्शन: ट्यूनिंगची कटकट जाते, पण आवाज स्पीकरमधून येतो आणि वाद्यवृंदात मिसळत नाही. वापरायचाच तर स्पीकर पियानोच्या मागे, मंचावरच ठेवा.

धुळेकर: नाटकाचे काळे पडदे मागून काढा, सगळा नाद तेच पितात. तिथे १८ मिमी प्लायच्या चौकटी (फ्लॅट) उभ्या करा. पातळ प्लाय थरथरतो आणि खालचे स्वर गिळतो. तालमीचा जास्त वेळ कॉन्चेर्तोच्या तिसऱ्या भागाला द्या. लिहिलंय ३/४, म्हणजे बारला (एका आवर्तनाला) तीन मात्रा, पण तंतुवाद्यांची दुसरी थीम दोन-दोन मात्रांनी चालते, दर दुसऱ्या बारची सम रिकामी. कंडक्टर बारला एकच ठोका देत असेल तर ताफा फुटतो तो इथेच. तो तुकडा आधी पियानोशिवाय, सावकाश, तीन ठोक्यांत बसवून घ्या.