हार्दिक आत आणि कपिल बाहेर? भारताच्या सर्वकालीन वनडे टीमबद्दल

मिरजेचा_तंबोरा
काल इथे एकाने भारताची सर्वकालीन बेस्ट वनडे टीम टाकली. रोहित, सचिन, कोहली, युवराज, रैना, धोनी, हार्दिक, जडेजा, झहीर, शमी, बुमरा. आणि खाली लिहिलंय की कपिलची सरासरी २४ पण नाही, २२५ मॅचमध्ये एकच सेंच्युरी, आजच्या खेळात तो बसत नाही. रात्री वाचलं आणि खरंच झोप लागेना, म्हणून सकाळी चहा ठेवायच्या आधी लिहायला बसलोय.

अहो सरासरी सांगता तर स्ट्राइक रेट, म्हणजे १०० बॉलला किती रन, तो पण सांगा ना. ९५ आहे. २२० केले की मॅच जिंकली असं ज्या काळात समजायचे त्या काळात ९५! बॉलिंगला ओव्हरला पावणेचारपेक्षा कमी, २५३ विकेट. ८३ च्या वर्ल्ड कपला झिम्बाब्वेविरुद्ध टनब्रिज वेल्सला ९ ला ४ असताना आला, १७ ला ५ झाले, आणि नाबाद १७५ मारून गेला, दुसऱ्या टोकाला किरमाणी नाबाद २४. त्या दिवशी हरलो असतो तर पुढचं सगळं कुठलं, सचिनने बॅट हातात घेतली असती का तेही मला माहीत नाही.

त्या वर्ल्ड कपची फायनल, वेस्ट इंडिजशी, आम्ही वाड्यात रेडिओवर ऐकली. मी अकरा वर्षांचा. १८३ मध्ये काय होणार म्हणून काका जेवायला बसले. रिचर्ड्स मारत सुटलेला, मदनलालला वर उचलला आणि कॉमेंटेटरचा आवाज चढला. काका हातातला घास तसाच धरून उठले, आमटी कोपरापर्यंत ओघळली तरी त्यांना भान नाही. कपिल उलटा पळत गेला आणि कॅच घेतला हे आम्हाला ऐकूनच दिसलं. त्याच फायनलमध्ये त्याची बॉलिंग ११ ओव्हर, ४ मेडन, २१ रन, १ विकेट. हे पण कधीतरी बघा. माझ्या टीममध्ये सातव्या नंबरला कपिल, आणि त्यावर चर्चा नाही.

लेट_कट
ती पोस्ट माझी आहे, त्यामुळे उत्तर देतो. काका, तुमच्या भावनेबद्दल आदर आहे पण टीम आठवणींवर निवडायची का? १७५ झिम्बाब्वेविरुद्ध आहे, ६० ओव्हरच्या मॅचमध्ये आहे, आणि त्याचं रेकॉर्डिंगच नाही, म्हणजे आमच्या पिढीने ते फक्त ऐकायचं आणि मान डोलवायची. आम्ही पाहिला तो कपिल टेस्टमधल्या ४३२ विकेटच्या विक्रमामागे लागलेला, वेग गेलेला. आज सातव्या नंबरच्या माणसाला ३० बॉलमध्ये ५० लागतात. हार्दिकचा स्ट्राइक रेट ११० च्या आसपास आहे आणि सरासरी पण कपिलपेक्षा बरीच वर. एवढंच माझं म्हणणं.

गहुंजे_गॅलरी
स्ट्राइक रेट मैदानात असला तरच मोजतात. १९ ऑक्टोबर २०२३, बांगलादेशची मॅच, मी मुलाला घेऊन पुण्याच्या गहुंजे स्टेडियमला होतो. हार्दिकने तीन बॉल टाकले, स्ट्रेट ड्राइव्ह पायाने अडवायला गेला आणि घोटा धरून खाली बसला. उरलेले तीन बॉल कोहलीने टाकले. वर्ल्ड कप संपला त्याचा. पोरगा रडायला लागला, हार्दिकचा टी-शर्ट घालून आला होता. खेळाडू म्हणून मला पण आवडतो, पण कपिल १३१ टेस्ट खेळला आणि दुखापतीमुळे त्याची एकही टेस्ट चुकली नाही. फास्ट बॉलर होता हो तो!

आणि कुंबळे कुठंय त्या टीममध्ये? कोलकात्याला हिरो कपच्या फायनलला १२ रनमध्ये ६ विकेट. स्पिनर म्हणून एकटा जडेजा घेऊन कोलकात्याला खेळणार का तुम्ही?

पार्कातला
सगळं ठीक, पण आगरकरचं नाव निदान चर्चेत तरी यायला नको का? १९१ मॅचमध्ये २८८ विकेट. बॉलिंगची सरासरी श्रीनाथपेक्षा किंचित चांगलीच आहे. मेलबर्नला ४२ मध्ये ६ ऑस्ट्रेलियाचे. राजकोटला २१ बॉलमध्ये फिफ्टी. आठव्या नंबरला असा माणूस कुठल्या टीमला नकोय? मी त्याला लहानपणापासून दादरच्या शिवाजी पार्कात बघितलंय, एवढ्याशा अंगाचा पोरगा आणि बॉल केवढा जोरात यायचा.

गोदाकाठ_नांदेड
आला, मुंबईचा माणूस आला. टीम भारताची निवडायची असली तरी यांना पार्काच्या पलीकडचं दिसत नाही. आगरकरला ओव्हरला पाचच्या वर रन पडलेत, श्रीनाथला साडेचारच्या आत. दहा ओव्हरमध्ये सहा रनचा फरक, तेवढ्यावर मॅच जातात. पण ते सांगायचं नाही, कारण पार्कातला आहे.

आणि झहीर? श्रीरामपूरचा. उसाच्या पट्ट्यातला पोरगा. २०११ ची फायनल, पहिला स्पेल ५ ओव्हर, ३ मेडन, ६ रन, १ विकेट. त्याला तुम्ही लोक मुंबईचा म्हणून सांगता.

पार्कातला
झहीर रणजी पहिल्यांदा बडोद्याकडून खेळला, आम्ही काही पळवून आणला नाही. मुंबईने ४२ रणजी जिंकल्यात त्या काय घरात बसून? तुमच्याकडचं पोरगं चांगलं असेल तर येईल ना वर. कानिटकर पुण्याचा होता, आला की नाही?

गोदाकाठ_नांदेड
कानिटकरचं तुम्ही बोलूच नका. ढाका, जानेवारी १९९८, पाकिस्तानविरुद्ध फायनल, ४८ ओव्हरमध्ये ३१५ करायचे, अंधार पडत आलेला, दोन बॉल तीन रन, सकलेनला मिडविकेटला फोर मारला. अख्खा देश नाचला. पण सगळ्या मिळून ३४ च वनडे. रणजी ट्रॉफी हातात घ्यायला त्याला राजस्थानला जावं लागलं.

आणि "येईल ना वर" म्हणता म्हणून सांगतो. मी डावखुरा स्पिनर. आमच्या गावात पिचवर मॅटिंग, म्हणजे चटई, तीही दोन ठिकाणी फाटलेली, खिळे ठोकून बसवायचो ती. १६ वर्षांखालच्या एका निवड चाचणीला रात्रीच्या एसटीने गेलो, अकरा तास उभ्याने. टर्फच्या खऱ्या पिचवर पाय ठेवला तो त्या दिवशी पहिल्यांदा. स्पाइक्स दुसऱ्याचे, एक नंबर मोठे, पुढं कापूस कोंबलेला. मॅटिंगवर बॉल उसळतो, तिथं खालीच राहिला, मला लेंग्थच सापडेना. सहा बॉल टाकले. सहावा वळला, बॅट्समन हुकला, कीपरपण हुकला. खुर्चीवरच्या माणसाने नाव न विचारता पुढचा म्हणून हाक मारली. त्याने तो सहावा बघितलाच नाही, तो डबा उघडत होता. पंचवीस वर्षं झाली. तो बॉल मला अजून दिसतो. आता सांगा चांगलं असेल तर येतं म्हणून.

वऱ्हाडी_पाहुणा
भाऊ, तुझं दुःख समजते. पण रडत किती दिवस बसायचं? आमच्या विदर्भाला कोणी विचारत नव्हतं, आता तीन रणजी आहेत आमच्याकडे, २०१७-१८ पासून. महाराष्ट्राच्या शेवटच्या रणजीला ऐंशीच्या वर वर्षं झाली, त्यात मुंबईचा काय दोष? स्वतःचं घर बघा ना.

गोदाकाठ_नांदेड
घर बघा म्हणे. घर कुणाच्या ताब्यात आहे ते नांदेड, लातूर, हिंगोलीच्या पोराला विचार. रणजीत राज्याच्या टीम तीन: मुंबई, विदर्भ आणि उरलेलं ते महाराष्ट्र. मराठवाडा म्हणून आम्ही कुठंच नाही.

सांगलीची_सून
इतका वेळ वाचतेय. मुंबई झाली, नांदेड झालं, नागपूर झालं, आणि सर्वकालीन टीम म्हणताना एका बाईचं नाव कुणाच्या मनात पण आलं नाही. झुलन गोस्वामीच्या वनडे विकेट २५५ आहेत, ज्या कपिलसाठी भांडताय त्याच्यापेक्षा दोन जास्त. मिताली राजचे वनडेत ७८०५ रन. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या बायकांनी वर्ल्ड कप जिंकला तेव्हा माझ्या सासूबाई, ज्यांनी आयुष्यात क्रिकेट बघितलं नाही, त्या रात्री बारा वाजता गॅलरीत उभं राहून थाळी वाजवत होत्या. स्मृती मानधना सांगलीची आहे, महाराष्ट्राकडून खेळत वर आली. तेव्हा नांदेडच्या भाऊंना सांगते, तुमच्यावर अन्याय झाला हे खरंच, पण वाट अगदीच बंद नाही.

गोदाकाठ_नांदेड
ताई, स्मृतीचं बरोबर आहे. ते मी मानतो. पण सांगली आणि नांदेड एक नाही, आणि माझा सहावा बॉल वळला होता.

पार्कातला
मी पण एक बोलून टाकतो. "चांगला असेल तर येईल" हे मी पटकन लिहिलं, ते चुकलंच. आमच्याकडे पोरगा घरातून चालत नेटला जातो, अकरा तास एसटी नसते. पण आगरकरवरचा मुद्दा मी सोडलेला नाही.

मिरजेचा_तंबोरा
आता कपिलकडे परत येऊ का? लेट_कट, तू म्हणतोस आजच्या खेळात बसत नाही. मग आजचा खेळ कसा झाला ते बघ. २०११ नंतर दोन्ही बाजूंनी नवा बॉल आला, २०२५ ला नियम बदलेपर्यंत चाळिसाव्या ओव्हरला पण बॉल जेमतेम वीस ओव्हर जुना असायचा. जुन्या बॉलने होणारा रिव्हर्स स्विंग संपला. पुढच्याच वर्षी सर्कलबाहेर पाचाचे चार फिल्डर केले. बॅट जाड झाली, बाउंड्री आत आली. हे सगळं हार्दिकला दे आणि कपिलला पण दे. ज्याने हे काहीच नसताना ९५ च्या रेटने मारलं तो आज किती मारेल? आणि कपिलच्या हातात दोन नवे बॉल, त्याचा आउटस्विंगर, स्लिपला अझर. माझ्या डोळ्यासमोर येतं ते.

लेट_कट
बॉलिंगचं पटलं. खरं सांगायचं तर ११-४-२१-१ मी कधी बघितलंच नव्हतं, काल रात्री स्कोअरकार्ड उघडून बघितलं. सगळे आकडे बघून लिहिलंय म्हणत होतो आणि फायनलचाच आकडा बघितला नव्हता. ठीक आहे, कपिल सातवा, हार्दिक बाहेर. त्या घोट्याचं पण कुठेतरी पटलं.

पण झिम्बाब्वे ते झिम्बाब्वेच, ते मी मागे घेणार नाही.

मिरजेचा_तंबोरा
त्याच झिम्बाब्वेने त्याच वर्ल्ड कपमध्ये ऑस्ट्रेलियाला हरवलं होतं. असू दे. घेतलास एवढं बास.

गहुंजे_गॅलरी
आणि रैनाच्या जागी द्रविड. २००३ च्या वर्ल्ड कपला टीमसाठी विकेटकीपरचे ग्लोव्हज घातले त्याने, स्वतःची हौस म्हणून नाही. कुंबळेसाठी जडेजा की शमी काढायचा ते ठरवा.

पार्कातला
शमी काढायचा? २०२३ च्या सेमीफायनलला ५७ मध्ये ७ घेतलेत त्याने, मी वानखेडेला होतो. शमीला हात लावायचा नाही कुणी.