गोंगाट आणि दर्दीपणा
काही जण म्हणतात की आपले क्रिकेटचे प्रेक्षक नुसता गोंगाट करतात, खरे दर्दी लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर. अर्धंच पटलं. लॉर्ड्सची शांतता मलाही आवडते, चेंडू बॅटवर बसल्याचा टक्क आवाज टीव्हीवरही ऐकू येतो. पण त्याच इंग्लंडची बार्मी आर्मी, म्हणजे संघाच्या चाहत्यांची फौज, ट्रम्पेट घेऊन जगभर फिरते, आणि बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टन मैदानाचा हॉलीज स्टँड काही देवघर नव्हे!

वानखेडेचं म्हणाल तर नोव्हेंबर २०१३, सचिनची शेवटची कसोटी. मी नॉर्थ स्टँडमध्ये होतो. वेस्ट इंडीजच्या शिलिंगफर्डने एकाच षटकात धवन आणि विजयला काढलं, आणि आपलीच विकेट पडल्यावर अख्खं स्टेडियम नाचायला लागलं, कारण आता साहेब येणार. शेजारचे काका पोह्यांचा डबा तसाच उघडा मांडीवर ठेवून टाळ्या वाजवत होते, निम्मे पोहे माझ्या बुटांवर. हे दुसऱ्या कुठल्या देशात होत असेल? दुसऱ्या दिवशी सचिन ७४ वर बाद झाला तेव्हा क्षणभर स्मशानशांतता, मग सगळे उभे.

अर्थात याच मैदानावर २००६ मध्ये त्याचीच हुर्यो उडवली होती. हार्दिक पंड्याचंही तसंच: २०२४ च्या आयपीएलमध्ये शिव्या, जुलैत विश्वचषक घेऊन आला तर त्याच्याच नावाचा गजर.

प्रतिस्पर्ध्याला दाद द्यायची तर मात्र चेन्नईचं नाव घ्यावं लागतं. १९९९ मध्ये तिथल्या चेपॉक मैदानावर पाकिस्तानने आपल्याला कसोटीत १२ धावांनी हरवलं आणि सगळे प्रेक्षक त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत उभे राहिले. वानखेडेवर ते झालं असतं? मला शंका आहे.