थंडी पडली की रुळाला तडा का जातो?

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो
मंगळवारी सकाळी दिवा-मुंब्र्याच्या मधे गाडी पंचवीस मिनिटं उभी. कारण नेहमीचंच, पुढे रुळाला तडा. डब्यातल्या एक काकू म्हणाल्या, "थंडीत आपले ओठ फुटतात ना, तसंच." सगळ्या हसल्या, पण खरं कारण कुणालाच सांगता येईना. मुंबईची थंडी ती केवढी, सोळा-सतरा अंश! एवढ्याने पोलाद तुटतं? मी कॉमर्सची आहे, पण त्रैराशिक झेपेल.

रूळकाका
ताई, नोकरी सगळी रुळावरच गेली, म्हणून लिहितो. पूर्वी दर सांध्याला फट असायची, तोच तो खडखडाट. आता रूळ वेल्ड करून लांबच्या लांब जखडतात. गार झाला तरी त्याला आखडायला जागा नाही, मग तो आतल्या आत ताणला जातो. मीटरला ६० किलोचा रूळ एक अंश उतरला की साधारण पावणेदोन टनांची ओढ. समजा ४० अंशाला जखडलाय आणि पहाटे १६ वर आला, तर झाले ४२ टन.

आकडा मोठा वाटतो, पण रुळाचा छेद ७,६७० चौरस मिलिमीटर. म्हणजे दर चौरस मिलिमीटरला साडेपाच किलो. आणि हा रूळ आमच्या भाषेत "९० यूटीएस", म्हणजे तुटायला ९० किलो लागतात. मग साडेपाचात कसा तुटला?

तुटलेलं तोंड बघा, तिथे उत्तर असतं. बहुतेक वेळा वेल्डपाशी तळाच्या कडेला गंजलेली काळपट अर्धचंद्रकोर दिसते आणि बाकीचं तोंड लखलखीत. कोर जुनी, लखलखीत भाग आज पहाटेचा. तपासणीचं यंत्र रुळाच्या डोक्यावरून चालतं, त्याच्या ध्वनिलहरी तळाच्या दोन्ही कडांपर्यंत नीट पोचत नाहीत. तिथे वेल्डजवळ बसून हातानेच तपासावं लागतं. थंडी फक्त निमित्त.

पवईचा_पीएचडीवाला
काकांची चंद्रकोर हाच आमचा अख्खा विषय. ग्रिफिथने १९२१ मध्ये काचेवर प्रयोग करून दाखवलं की वस्तू तुटते ती तिच्यातल्या बारीक चिरेमुळे. चीर चौपट लांब झाली की तोडायला निम्माच ताण पुरतो. पुढे १९५७ मध्ये आयर्विनने चिरेच्या टोकाशी ताण किती तीव्र होतो ते मोजायचं माप दिलं. पोलादात ते माप एका हद्दीपलीकडे गेलं की चीर धावत सुटते, थांबत नाही.

मी करतो ते "फेज फील्ड". चीर कुठून जाणार हे संगणकाला आधी सांगायचं नाही. प्रत्येक बिंदूला शून्य ते एक असा आकडा द्यायचा, शून्य म्हणजे धड, एक म्हणजे तुटलेला, आणि एकूण ऊर्जा कमीत कमी होईल अशी वाट चिरेला स्वतः शोधू द्यायची. मूळ मांडणी १९९८ ची, फ्रँकफोर्ट आणि मारिगो यांची. चीर फुटून दोन फाटे झाले तरी वेगळं काही करावं लागत नाही. फक्त हिशेबासाठी रुळावर आखलेली बिंदूंची जाळी इतकी बारीक लागते की एक वेल्ड सोडवायला आमचं मशीन रात्रभर पंख्यासारखं घोंघावतं.

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो
मग तारीखच सांगा ना, कुठला वेल्ड कधी जाणार!

पवईचा_पीएचडीवाला
इथेच घोडं अडतं. दर चाकागणिक चीर किती वाढते, ते ताणाच्या साधारण तिसऱ्या घातावर अवलंबून असतं. ताणाचा अंदाज १० टक्के चुकला की वेग ३३ टक्के चुकतो. त्यात सुरुवातीची चीर केवढी होती तेच माहीत नसतं.

रूळकाका
आणि चाक घासून चपटं झालेलं असेल तर? ते नुसतं फिरत नाही, दर फेऱ्याला घण घालतं. रात्री लांबून "टक-टक" आवाज आला की आम्ही गाडीचा नंबर टिपून ठेवायचो. ते धरलंय का हिशेबात?

पवईचा_पीएचडीवाला
नाही काका. माझं चाक अजून गोलच आहे. मेसेज करतो, भेटाल का?