नाशिक : शिष्यवृत्तीचा हप्ता आला नाही म्हणून परीक्षेचा फॉर्म अडवला, काय करावं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

माझी धाकटी बहीण इथल्याच एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात सेकंड इयरला आहे. प्रवेश कॅप राऊंडमधून (सरकारची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया), प्रवर्ग एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास), घरचं उत्पन्न आठ लाखांच्या बरंच खाली. वडिलांची निफाडकडे थोडी द्राक्षबाग आहे, मी अंबडला कंपनीत आहे.

जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या, एसईबीसीसारख्या प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. त्याच भरवशावर आम्ही तिला इंजिनिअरिंगला घातलं, नाहीतर वडील बीएस्सी म्हणत होते. आता अकाउंट सेक्शन म्हणतं, सरकारकडून तुमचे पैसे आलेले नाहीत, पूर्ण फी भरा, मगच फॉर्म भरता येईल. माफीत न बसणारी बाकीची फी आम्ही भरलेली आहे, पावत्या आहेत. सरकारचा हप्ता लांबला तर त्याचा भार पोरीवर का? ती रोज विचारते, "दादा, फॉर्मचं काय झालं?" आणि माझ्याकडे उत्तर नसतं.

प्रवेशाच्या वेळी एका हमीपत्रावर तिची आणि वडिलांची सही घेतली होती. शिष्यवृत्ती मिळाली नाही तर फी आम्ही भरू, असं त्यात आहे. मंजुरीच लटकलेली असताना हे हमीपत्र लागू होतं का?

आमच्याकडून काही राहू नये, हेही मनापासून वाटतं. महाडीबीटीवर (राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) यंदाचं नूतनीकरण केलंय, खात्याला आधार जोडलेलं आहे, हजेरी चांगली आहे. एका कुटुंबातल्या दोघांनाच लाभ मिळतो. मी डिप्लोमाला घेतला होता, ती दुसरी, म्हणजे तिथे अडचण नाही. एक शंका मात्र आहे. एका ट्रस्टकडून तिला पुस्तकांसाठी थोडी मदत मिळतेय. ती कळवावी लागते का? लपवायचं तर अजिबात नाही.

प्रतिसाद १
दादा, आधी तिच्या लॉगिनमध्ये अर्जाची स्थिती बघा. अर्ज पहिल्यांदा कॉलेजच्या पडताळणीत जातो, मग विभागीय कार्यालयात. कॉलेजच्याच टेबलवर पडून असेल तर उशीर सरकारचा नाही, त्यांचा आहे. त्रुटी काढून परत पाठवला असेल तर मुदतीत दुरुस्त करणं ही तुमची जबाबदारी, आणि बरेच अर्ज इथेच मरतात.

अकाउंट सेक्शनशी तोंडी बोलण्यात अर्थ नाही. प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या : शासन निर्णय, अर्ज क्रमांक, भरलेल्या पावत्या जोडा आणि फॉर्म अडवण्याचं कारण लेखी मागा. पोच घ्याच. दाद मिळाली नाही तर नाशिकरोडला सामनगाव रोडवर तंत्रशिक्षणचं विभागीय कार्यालय आहे, तिथे त्याच कागदांची प्रत द्या.

हमीपत्राची प्रत मागून नीट वाचा. माझ्या मते "नामंजूर झाली तर" आणि "अजून आली नाही" यांत फार फरक आहे. आणि फीसाठी कुणी मूळ दाखले ठेवून घ्यायला लागलं तर देऊ नका, यूजीसीने २०१८ मध्येच त्याला मनाई केलेली आहे.

धागाकर्ता
मनापासून आभार! आत्ताच बघितलं, अर्ज कॉलेज पडताळणीतच अडकलाय. उद्या पहिल्या पाळीनंतर प्राचार्यांना अर्ज देतो, वडीलही येताहेत. ट्रस्टच्या मदतीबद्दल कुणाला अनुभव असेल तर जरूर सांगा, त्यांच्या पत्राची प्रत मी सोबत नेणार आहे.