ऑफिसच्या तळघरात जुन्या बँकेची स्ट्राँगरूम आहे, इमारतीचा इतिहास कसा काढायचा?

तळघरातला:

तीन महिन्यांपूर्वी आमचं ऑफिस एका जुन्या दगडी इमारतीत हललं. 'इथे पूर्वी बँक होती' एवढं सगळे सांगतात. कुठली, कधी, असं विचारलं की खांदे उडवतात. दर्शनी बाजूला चार जाडजूड खांब आहेत, कोनशिला नाही. घरमालकाच्या कागदांत बँकेचं नाव नाही.

तळघरातल्या स्ट्राँगरूमची आम्ही मीटिंग रूम केलीय. आत मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे मीटिंगा वेळेत आटपतात. दार वीतभर जाड, कडेनं मनगटाएवढे अडसर. मोजले, चोवीस भरले. दाराच्या आतल्या अंगाला काचेमागे तीन छोटी घड्याळं आहेत, तिन्ही बंद. एक सहकारी म्हणतो, तीन देशांच्या वेळा असतील. पण तबकडीवर आकडे ७२ पर्यंत आहेत! ७२ तासांचा दिवस कुठल्या देशात असतो?

वरच्या हॉलची फरशी एका सरळ पट्ट्यातच झिजलीय, बाकी सगळी जशीच्या तशी. आणि जिन्याच्या कठड्याच्या जाळीत काही अक्षरं गुंफलेली आहेत, पण ऑइलपेंटचे इतके थर बसलेत की नक्षी कुठली आणि अक्षर कुठलं ते कळत नाही. सुरुवात कुठून करू?

रिटायर्ड कॅशियर:

३२ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी किल्ली सांभाळण्यात. म्हणून आधी इतिहास नाही, सूचना. ते दार कधीही लोटू नका. अडसर बाहेर काढून तसेच पक्के जाम करून घ्या, म्हणजे दार चौकटीत बसणारच नाही. मीटिंग लांबली तर चालेल, अडकली तर नाही.

ती घड्याळं म्हणजे टाइम लॉक. वेळ दाखवत नाहीत, उरलेले तास मोजतात. संध्याकाळी कॅश टॅली झाली की उद्या उघडायला किती तास आहेत तेवढी चावी द्यायची आणि दार लावायचं. तास शून्यावर आल्याशिवाय दार उघडत नाही, हातात किल्ली असो की नंबर पाठ असो. अमेरिकेतल्या जेम्स सार्जंटनं हे कुलूप १८७३ साली आणलं. त्याआधी दरोडेखोर रात्री कॅशियरच्या घरात शिरून, बायकापोरांवर पिस्तूल रोखून नंबर वदवून घेत. टाइम लॉक आल्यावर कॅशियरलाच दार उघडता येईना, मग त्याला धमकावून हाती काय लागणार? घड्याळं तीन अशासाठी की दोन बंद पडली तरी तिसऱ्यानं दार सुटावं. म्हणजे तुमचं दार १८७३ नंतरचं. इमारत त्याहून जुनी असू शकते, दारं मागाहूनही बसवतात.

आमच्या एका शाखेत असंच दार होतं. माझ्या जोडीदारानं बुधवारी संध्याकाळी सहाला, आज शनिवार आणि उद्या रविवारची सुट्टी असं समजून, ३९ तासांची चावी दिली. गुरुवारी सकाळी नऊला आम्ही दोघं आपापल्या किल्ल्या घेऊन दारासमोर उभे. साहेब आले, त्यांचे साहेब आले. दार ढिम्म. दुसऱ्या शाखेतून रोकड आणून दिवस काढला. शुक्रवारी नऊच्या ठोक्याला खट्ट झालं आणि दार सुटलं. जोडीदार बिचारा पुढे कित्येक वर्षं चावी देताना वार मोठ्यानं म्हणायचा.

झिजलेला पट्टा काउंटरपुढचा. पैसे काढायला आलेला माणूस एका जागी उभा राहत नाही, पाय बदलतो. काउंटर गेलं, पाय राहिले. पट्ट्याच्या एका टोकाला जास्त खोलगट असेल तर तिथे कॅश होती असं समजा, रांग तिथेच सगळ्यात मोठी.

साधासरळ:

एवढा खटाटोप कशाला? आसपासच्या सगळ्यात म्हाताऱ्या दुकानदाराला विचारा, पाच मिनिटांत सांगेल.

गिलावा:

@साधासरळ, विचारावंच, पण म्हातारा माणूस शेवटची बँक सांगतो, पहिली नाही.

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो, म्हणून थोडं. खांबांवरून बांधकामाचं वर्ष ठरवायला जाऊ नका. बँकेला देवळाचा चेहरा देण्याची रीत फार जुनी आहे. फिलाडेल्फियातली सेकंड बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स १८२४ साली पुरी झाली ती सरळ अथेन्सच्या पार्थेनॉन या प्राचीन देवळाच्या नमुन्यावर. ठेवी बुडाल्या तर भरून देणारा विमा तेव्हा नव्हता, त्यामुळे 'आम्ही कुठे पळून जात नाही' हे दगडातच सांगावं लागे. बँक मात्र बंद झाली आणि पुढे त्याच इमारतीत कस्टम हाउस आलं.

आणि 'पूर्वी बँक होती' हे अर्धंच उत्तर असतं. कोलकात्याची करन्सी बिल्डिंग बघा. १८३३ ची, आधी आग्रा बँकेकडे. १८६८ पासून तिथे सरकारी नोटांचं कार्यालय. १९३५ ते १९३७ रिझर्व्ह बँकेचं पहिलं केंद्रीय कार्यालयही तिथेच. १९९० च्या दशकात पाडापाडी सुरू झाली, मधल्या दालनाचे घुमट गेले, मग कशीबशी वाचली. एका इमारतीला इतके जन्म असतात.

तुमचा खरा धागा कठड्यावर आहे. बँकांची नावं बदलत जातात, लोखंड तेच राहतं. उदाहरणार्थ, 'आय बी आय' निघालं तर इम्पीरियल बँक ऑफ इंडिया. ती २७ जानेवारी १९२१ ला बेंगाल, बॉम्बे आणि मद्रास या तीन बँका एकत्र करून झाली आणि १ जुलै १९५५ ला स्टेट बँक झाली. तीन अक्षरांत ३४ वर्षांची चौकट मिळते. रंग खरवडू नका, पेंट रिमूव्हर लावून लाकडी पट्टीनं काढा, हातमोजे घालून. जुन्या रंगात शिसं असतं.

कागदांसाठी जुन्या व्यापारी डिरेक्टऱ्या चाळा, त्यात पत्त्यासकट बँका असतात. आणि आगीच्या विम्यासाठी काढलेले नकाशे मिळाले तर सोन्याहून पिवळं. अमेरिकेतल्या सॅनबॉर्न कंपनीच्या अशा नकाशांत वीट गुलाबी आणि लाकूड पिवळं रंगवलेलं असायचं.

एक विचारतो, स्ट्राँगरूमच्या भिंती इमारतीच्या भिंतींना चिकटून आहेत की मध्ये बोळ आहे?

तळघरातला:

बोळ आहे! आम्ही त्यात तुटक्या खुर्च्या कोंबल्या होत्या. आज काढल्या. जेमतेम एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी रुंदी, चारही बाजूंनी. कोपऱ्यांत डोक्याच्या उंचीवर तिरके लोखंडी आकडे आहेत.

रिटायर्ड कॅशियर:

आरसे होते तिथे. पहारेकऱ्यानं एका टोकाला उभं राहून वळणापलीकडचं बघावं म्हणून. भिंतीला कुणी भोक पाडत असेल तर दिसायला हवं ना.

तळघरातला:

अडसर जाम करून घेतले. फरशी उजव्या टोकाला जास्त खोल आहे, काका, म्हणजे कॅश तिथे. गंमत म्हणजे आमचं अकाउंट्स नेमकं तिथेच बसतं.

कठड्याचं एक अक्षर दोन तास खपून मोकळं केलं. 'बी' आहे. म्हणजे जगातली कुठलीही बँक. उरलेल्या दोन अक्षरांसाठी शनिवार ठेवलाय.